वकील परवडत नसेल तर मदत कोणी करायची? विधी सेवांच्या नियमनाबद्दल

तराजू (धागाकर्ता)

कायद्याच्या अडचणीत सापडलेल्या माणसाला सल्ला कोणी द्यावा, त्याच्या वतीने न्यायालयात कोणी उभे राहावे आणि हे काम करणाऱ्या संस्थेची मालकी कोणाकडे असावी, हे ठरवणारे नियम जवळजवळ प्रत्येक देशात आहेत. हे नियम पक्षकाराच्या रक्षणासाठी असल्याचे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. माहिती नसलेल्या माणसाने अर्ज चुकीचा भरून दिला, मुदत उलटली आणि हक्क गेला, असे खरोखर घडते. माझा आक्षेप वेगळा आहे. चुकीच्या सल्ल्यामुळे झालेले नुकसान कोणाच्या तरी तक्रारवहीत नोंदले जाते. सल्लाच न मिळाल्यामुळे झालेले नुकसान मात्र कोठेही नोंदले जात नाही, आणि नियम करणारे लोक नोंदलेल्या नुकसानाकडे पाहूनच नियम करतात.

ही न नोंदलेली बाजू केवढी मोठी आहे, याचा अंदाज काही आकड्यांवरून येतो. 'टास्क फोर्स ऑन जस्टिस' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांपुढे असे दिवाणी, फौजदारी किंवा प्रशासकीय प्रश्न आहेत, जे त्यांना सोडवता येत नाहीत. अमेरिकेतील विधी साहाय्याला निधी देणाऱ्या 'लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन' या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात असे आढळले की, कमी उत्पन्न असलेल्या लोकांच्या गंभीर दिवाणी प्रश्नांपैकी ९२ टक्के प्रश्नांना कायद्याची मदत एक तर मिळतच नाही किंवा अपुरी मिळते. त्याच देशातील दहा मोठ्या शहरी काउंटींमधील दिवाणी दाव्यांची २०१५ मध्ये पाहणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना वकील असलेले दावे २४ टक्केच निघाले. एकाच बाजूला वकील असेल, तर तो बहुधा वादीचा असतो. कर्जवसुली करणारी कंपनी वकिलामार्फत दावा लावते, कर्जदार हजरच राहत नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो.

या चर्चेत दोन वेगळ्या सुधारणा सतत एकमेकींत मिसळल्या जातात, म्हणून त्या आधीच वेगळ्या करून ठेवतो. पहिली सुधारणा कामाबद्दलची आहे: सनद नसलेल्या, पण ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला ठरावीक काम करू द्यावे का? दुसरी मालकीबद्दलची आहे: वकील नसलेल्यांना वकिली फर्ममध्ये भांडवल घालू द्यावे का, फीमध्ये वाटा घेऊ द्यावा का? अमेरिकेतील वकिलांच्या आदर्श आचारसंहितेचा नियम ५.४ ही दुसरी गोष्ट मना करतो. तेथील बहुतेक राज्यांत पहिल्या गोष्टीला 'अनधिकृत वकिली' म्हणतात आणि अनेक ठिकाणी तो गुन्हाही आहे.

इंग्लंड आणि वेल्सने २००७ च्या लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने या दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. तेथे सहाच कामे राखीव आहेत: न्यायालयात बाजू मांडणे, दावा चालवणे, मालमत्ता हस्तांतराचे विशिष्ट दस्तऐवज करणे, मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या कारभारासाठी न्यायालयाचे अधिकारपत्र मिळवण्याची कागदपत्रे करणे, नोटरीचे काम आणि शपथ देणे. निव्वळ सल्ला देणे राखीव नाही. तो कोणीही देऊ शकतो. हे पहिल्यांदा वाचले, तेव्हा माझ्याच वाचण्यात काही चूक होते आहे असे मला वाटले होते. मालकीची दारेही त्याच कायद्याने उघडली आणि २०११ पासून तशा संस्थांना परवाने मिळू लागले. अमेरिकेत युटा आणि अ‍ॅरिझोना या दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०२० मध्ये याच दिशेने पावले टाकली. युटाने मर्यादित काळाचा, देखरेखीखालचा प्रयोग सुरू केला, तर अ‍ॅरिझोनाने नियम ५.४ रद्दच केला.

माझे मत असे की, कामाबद्दलची सुधारणा गरीब पक्षकाराच्या उपयोगाची आहे आणि मालकीबद्दलची सुधारणा त्याच्या नावाने मागितली जात असली, तरी मुख्यतः दुसऱ्यांच्याच उपयोगाची ठरली आहे. प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी यातील चुका दाखवाव्यात.

जुनी सनद

पंचवीसहून अधिक वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केली आणि आता निवृत्त आहे. तेव्हा माझ्या मतात व्यवसायाचा स्वार्थ मिसळलेला असेल, तर तो वाचकांनी वजा करून घ्यावा.

मालकीबद्दल आपले एकमत दिसते, म्हणून तेथे थोडक्यात लिहितो. ऑस्ट्रेलियातील स्लेटर अँड गॉर्डन ही फर्म मे २००७ मध्ये शेअर बाजारात गेली. शेअर बाजारात नोंद झालेली ती जगातील पहिली वकिली फर्म. तिने २०१५ मध्ये ब्रिटनमधील एका कंपनीचा नुकसानभरपाईच्या दाव्यांचा व्यवसाय सुमारे ६४ कोटी पौंडांना विकत घेतला. तो सौदा अंगाशी आला, समभाग कोसळले आणि फर्म अखेर कर्जदात्यांच्या हाती गेली. पक्षकाराचा दावा तडजोडीला कधी आणावा, हे तिमाही हिशेबाकडे पाहून ठरू लागले, तर वकिलाची पक्षकारावरची निष्ठा कागदावरच उरते. असतील शिते तर जमतील भुते, हे भांडवलाच्या बाबतीत तंतोतंत खरे आहे. आणि भाडेकरूच्या दाव्यात शिते नसतात.

पण कामाबद्दल तुम्ही जितक्या सहजतेने लिहिले आहे, तितके ते सोपे नाही. इंग्लंडचेच उदाहरण घेतो. तेथे मृत्युपत्र तयार करणे हे राखीव काम नाही. मृत्युपत्रातील चूक उघडकीस येते, तेव्हा आपल्याला काय म्हणायचे होते हे सांगू शकणारा एकमेव माणूस हयात नसतो. तेथील वरिष्ठ नियामक मंडळाने, म्हणजे लीगल सर्व्हिसेस बोर्डाने, हे काम राखीव करावे अशी शिफारस २०१३ मध्ये केली आणि सरकारने ती त्याच वर्षी नाकारली. परिणामी आज तेथे सॉलिसिटरने केलेल्या मृत्युपत्राबद्दल लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे विधी सेवांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, तक्रार करता येते, पण शेजारच्याच दुकानवजा कार्यालयात कोणत्याही नियामकाच्या कक्षेत नसलेल्या माणसाने केलेल्या मृत्युपत्राबद्दल करता येत नाही. सामान्य माणसाला हा फरक ठाऊक नसतो. दोन्हीकडे फलक सारखाच असतो.

दुसरा मुद्दा गोपनीयतेचा. वकिलाला सांगितलेली गोष्ट न्यायालयही सहसा उघड करायला लावू शकत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रुडेन्शियल कंपनीच्या प्रकरणात ठरवले की, कराच्या कायद्याबद्दल सनदी लेखापालाने दिलेल्या सल्ल्याला हे संरक्षण मिळत नाही. सल्ला तोच असला, तरी देणारा वकील हवा. आता सनद नसलेल्या मदतनिसाजवळ एखाद्या बाईने नवऱ्याबद्दल मन मोकळे केले आणि उद्या त्या मदतनिसालाच साक्षीला बोलावले, तर काय करणार?

शंकासुर

म्हणजे श्रीमंताला वकील आणि गरिबाला अर्धा वकील. याला न्यायापर्यंत पोहोचणे म्हणायचे की दगडापेक्षा वीट मऊ म्हणून समाधान मानायचे? सरकारने विधी साहाय्यावर पैसा खर्च करावा, ही सरळ मागणी सोडून हे सगळे आडमार्ग कशासाठी? ज्या इंग्लंडचे कौतुक चालले आहे, तेथेच २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून विधी साहाय्याला मोठी कात्री लावली आणि बहुतेक खासगी कौटुंबिक दावे, बरेचसे कर्जाचे व कल्याणकारी लाभांचे प्रश्न त्यातून बाहेर काढले. बाजार खुला करणारे हात आणि अनुदान कापणारे हात एकाच शरीराचे होते.

पुरावा

शंकासुर, अनुदान कापले गेले हे खरे आहे, आणि नियमनाची सुधारणा अनुदानाऐवजी चालेल असे कोणी म्हणत असेल, तर त्याला विरोधच करायला हवा. पण 'अर्धा वकील' हे विशेषण तपासून पाहण्यासारखे आहे.

मूरहेड, शेर आणि पॅटरसन या तीन अभ्यासकांनी २००३ मध्ये इंग्लंड-वेल्समधील विधी साहाय्याच्या कामाची तुलना प्रसिद्ध केली होती. घर, कर्ज, नोकरी, कल्याणकारी लाभ अशा विषयांत सॉलिसिटरांच्या फर्म आणि सनद नसलेल्या सल्लागारांच्या संस्था एकाच सरकारी योजनेखाली काम करत होत्या, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. सनद नसलेल्यांच्या कामाचा दर्जा एकंदरीत वरचढ निघाला. मात्र त्यांनी प्रत्येक प्रकरणाला वेळ जास्त घेतला आणि खर्चही जास्त झाला. त्यांचा निष्कर्ष असा होता की, दर्जा ठरवणारी गोष्ट सनद नसून त्या विषयातील विशेष सराव आहे. वर्षाला कल्याणकारी लाभाची तीन-चार अपिले करणाऱ्या वकिलापेक्षा दररोज तेच काम करणारा सल्लागार बरा, हे ऐकायला विचित्र वाटत असले, तरी समजायला अवघड नाही.

दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचा आहे. तेथे २००१ पासून वकिली फर्मना कंपनीचे रूप घेता येते आणि बाहेरचे भागधारकही चालतात. त्या बदल्यात अशा फर्मने स्वतःच्या कामकाजाची व्यवस्था ठरावीक उद्दिष्टांवर तपासून नियामकाला कळवायची होती. अभ्यासात असे दिसले की, ही स्वतपासणी केल्यानंतर त्याच फर्मविरुद्धच्या तक्रारी सुमारे दोन-तृतीयांशाने कमी झाल्या. जुनी सनद यांनी स्लेटर अँड गॉर्डनचे उदाहरण दिले, ते योग्यच आहे. पण त्याच देशातील या आकड्याकडे पाहिले, तर मालकीपेक्षा देखरेखीची पद्धत अधिक महत्त्वाची असावी असे वाटते.

आता माझ्याच बाजूविरुद्ध एक गोष्ट. युटातील प्रयोगात नुकसानीच्या तक्रारी फार थोड्या आल्या आणि सुधारणावादी तो आकडा विजयाच्या थाटात सांगतात. मला तो अपुरा वाटतो. वाईट सल्ला मिळालेल्या माणसाला सल्ला वाईट होता हे कळण्यासाठीच चांगला सल्ला लागतो. तक्रार नाही म्हणजे नुकसान नाही, असे मानता येणार नाही. नियामकाने पूर्ण झालेली प्रकरणे स्वतः उचलून तपासली पाहिजेत.

 

अर्धविराम

कामाबद्दलच्या सुधारणेची फसलेली कथा येथे यायलाच हवी. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये 'मर्यादित परवानाधारक विधी तंत्रज्ञ' असा नवा वर्ग निर्माण केला. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी या कौटुंबिक प्रश्नांत त्यांनी थेट पक्षकाराला सल्ला द्यावा आणि कागदपत्रे तयार करावीत, अशी योजना होती. देशातील हा पहिलाच प्रयोग असल्यामुळे त्याचे खूप कौतुक झाले. पहिले परवाने २०१५ मध्ये दिले गेले आणि जून २०२० मध्ये त्याच न्यायालयाने नवे परवाने बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर परवानाधारकांची संख्या शंभराच्या जवळपासही पोहोचली नव्हती.

असे का झाले? न्यायालयाने कारण दिले खर्चाचे आणि थोड्या प्रतिसादाचे. पण प्रतिसाद थोडा का होता, हे नियमांतच लिहिलेले आहे. उमेदवाराने मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करायचा, त्यानंतर कौटुंबिक कायद्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायच्या आणि वकिलाच्या देखरेखीखाली ३००० तासांचा अनुभव मिळवायचा. ज्या व्यवसायाचा या कल्पनेला विरोध होता, त्याच व्यवसायातील कोणाच्या तरी कार्यालयात हे तास भरायचे होते. एवढे करून परवाना मिळाला, तर सुरुवातीच्या नियमांनुसार न्यायालयात पक्षकाराच्या शेजारी उभे राहता येत नव्हते आणि समोरच्या पक्षाशी बोलणीही करता येत नव्हती. अनुभवाचे तास पुढे कमी केले आणि कामाची कक्षाही थोडी वाढवली, पण तोपर्यंत योजनेची हवा गेली होती. अवघड रस्त्याच्या शेवटी अरुंद दार ठेवले आणि मग कोणी येत नाही म्हणून तेही बंद केले.

याच्या शेजारी कॅनडातील ओंटारिओ ठेवा. तेथे पॅरालीगल, म्हणजे वकिलीची सनद नसलेले पण कायद्याचे काम करणारे लोक, आधीपासूनच लहान रकमांच्या दाव्यांत, वाहतुकीच्या गुन्ह्यांत आणि न्यायाधिकरणांपुढे काम करत होते, पण त्यांच्यावर कोणाचेच नियंत्रण नव्हते. २००७ मध्ये त्यांना परवान्याच्या चौकटीत घेतले, आधीपासून काम करणाऱ्यांसाठी प्रवेशाची वाट ठेवली, विमा आणि आचारसंहिता लागू केली, आणि नियमनाचे काम वकिलांच्याच नियामक संस्थेकडे दिले. आज तेथे हजारोंच्या संख्येने परवानाधारक पॅरालीगल आहेत. घरमालक-भाडेकरू मंडळापुढे ते स्वतंत्रपणे बाजू मांडतात. वॉशिंग्टनने शून्यातून व्यवसाय उभा करायचा प्रयत्न केला, तर ओंटारिओने होते त्याला शिस्त लावली. मला हा फरक सर्वांत निर्णायक वाटतो.

तिसरा नमुना अलास्काचा आहे. तेथे रस्त्याने पोहोचता न येणारी गावे पुष्कळ आहेत आणि वकील शहरांत एकवटलेले आहेत. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा नियम केला की, राज्याच्या विधी साहाय्य संस्थेने प्रशिक्षण दिलेले आणि तिच्याच देखरेखीखाली असलेले समाजातील कार्यकर्ते ठरावीक प्रकारच्या कामात कायद्याची मदत करू शकतील. पदवीची अट नाही. एका विषयाचे प्रशिक्षण घेतले की त्या विषयापुरते काम. सरकारी अन्नसाहाय्याचे अर्ज रखडले होते, तेव्हा या कार्यकर्त्यांचा मोठा उपयोग झाला. सिएरा लिओनने तर २०१२ च्या विधी साहाय्य कायद्यातच पॅरालीगलना स्थान दिले, कारण राजधानीबाहेर वकील जवळजवळ नव्हतेच. शंकासुर यांच्या 'अर्धा वकील' या शब्दांवर त्या गावांतील लोक काय म्हणाले असते, हे ऐकायला मला आवडेल.

आवक-जावक

न्यायालयाच्या कार्यालयात खिडकीमागे बसून बरीच वर्षे अर्ज स्वीकारण्याचे काम केले आहे. आमच्या खिडकीवर एक सूचना लावलेली असे: 'येथे माहिती मिळेल, सल्ला मिळणार नाही.' या एका ओळीवर मी आयुष्यभर कसरत केली आहे.

नमुन्याचा अर्ज कोणता, हे सांगणे म्हणजे माहिती. त्यातील सातव्या रकान्यात काय लिहायचे, हे सांगणे म्हणजे सल्ला. मुदत किती दिवसांची, ही माहिती. तुमची मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, हा सल्ला. एकदा एक वृद्ध गृहस्थ घर रिकामे करण्याच्या दाव्याचे समन्स घेऊन आले. त्यांनी भाडे भरल्याच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत जपून आणल्या होत्या. त्यांना एवढेच सांगायला हवे होते की, या पावत्या लेखी कैफियतीसोबत आजच दाखल करा. ते वाक्य माझ्या तोंडाशी आले आणि मी ते गिळले, कारण मागे वरिष्ठ उभे होते. मी त्यांना कैफियतीचा कोरा नमुना दिला. तो त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला आणि ते निघून गेले. पुढे त्या दाव्यात काय झाले हे मी मुद्दाम पाहिले नाही.

म्हणून तराजू यांनी मांडलेल्या दोन सुधारणांत मी तिसरी घालू इच्छितो, ती म्हणजे कार्यपद्धतीची. मदत कोणी करायची यावर आपण एवढे भांडतो, पण मदतीशिवाय अर्ज भरताच येऊ नये अशी कार्यपद्धती कोणी केली? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 'सिव्हिल रिझोल्यूशन ट्रायब्युनल' नावाचे ऑनलाइन न्यायाधिकरण २०१६ मध्ये सुरू केले. आधी सामायिक मालकीच्या इमारतींतील वाद आणि २०१७ पासून ५००० डॉलरपर्यंतचे लहान दावे तेथे जातात. अर्जदाराला साध्या भाषेत प्रश्न विचारले जातात, त्याच्या उत्तरांप्रमाणे माहिती आणि पत्रांचे नमुने मिळतात, मग तडजोडीचा प्रयत्न होतो आणि शेवटी निर्णय. तेथे पक्षकाराने स्वतःच बोलावे अशी अपेक्षा असते. वकील लावायचा असेल, तर सहसा परवानगी घ्यावी लागते. सातवा रकाना नीट लिहिला, तर तो समजावून सांगणाऱ्याचा परवाना शोधावा लागत नाही.

यंत्रणा

आवक-जावक यांचा मुद्दा पुढे नेतो. सातवा रकाना आता लोक संगणकाला विचारतात, आणि परवान्याच्या चर्चेत याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ठरवले की, प्रश्नोत्तरांवरून कराराचा मसुदा तयार करून देणारी ऑनलाइन प्रणाली म्हणजे परवाना लागणारी विधी सेवा नव्हे; ती नमुन्यांच्या पुस्तकासारखी आहे. याउलट 'जगातील पहिला यंत्रमानव वकील' अशी जाहिरात करणाऱ्या डूनॉटपे या अमेरिकी कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये कारवाई केली आणि १ लाख ९३ हजार डॉलर भरायला लावले. कारण असे की, तिची उत्तरे वकिलाच्या तोडीची आहेत का, हे कंपनीने कधी तपासलेच नव्हते. तिसरी वाट इंग्लंडची. तेथील सॉलिसिटरांच्या नियामकाने मे २०२५ मध्ये गारफील्ड नावाच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या फर्मला रीतसर मान्यता दिली. ती १०,००० पौंडांपर्यंतची लहान येणी वसूल करण्यास मदत करते. मान्यतेसोबत विमा आला, जबाबदार सॉलिसिटर आले आणि तक्रारीची जागाही आली.

मला खटकते ते एवढेच की, मान्यता मिळालेले पहिले यंत्र येणे असलेल्याच्या बाजूने उभे आहे. देणे असलेल्याच्या बाजूने कोण उभे राहणार?

तराजू

यंत्रणा, याचे एक उत्तर न्यूयॉर्कमध्ये शोधले जात होते. तेथील एका ना-नफा संस्थेला कर्जवसुलीच्या दाव्यात एका पानाचा उत्तराचा नमुना भरून देण्यासाठी सनद नसलेले स्वयंसेवक तयार करायचे होते. धर्मगुरू, समाजसेवक असे लोक, फुकट मदत, तीही त्या एका नमुन्यापुरती. अनधिकृत वकिलीचा नियम आड येत होता, म्हणून संस्थेने तो भाषणस्वातंत्र्याच्या आधारे आव्हानित केला. मे २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम देऊन काम करू दिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द करून प्रकरण नव्या निकषावर विचारासाठी परत पाठवले. एका पानाच्या नमुन्यासाठी इतकी वर्षे.

मालकीबद्दल एक भर घालतो. अ‍ॅरिझोनात वकीलेतर मालकीच्या परवानाधारक संस्थांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. त्यांत अपघाताच्या आणि सामूहिक नुकसानभरपाईच्या दाव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि २०२५ मध्ये केपीएमजीसारखी लेखापरीक्षण क्षेत्रातील बलाढ्य कंपनीही आली. स्टॅनफर्डमधील अभ्यासकांनी २०२२ मध्ये दोन्ही राज्यांची पाहणी केली, तेव्हा कमी उत्पन्नाच्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी कामाबद्दलची सूट महत्त्वाची दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. युटानेही पुढे प्रयोगात प्रवेशाच्या अटी कडक केल्या.

शंकासुर, दोन दर्जे निर्माण होतील या तुमच्या भीतीबद्दल एवढेच म्हणेन की, दोन दर्जे आजही आहेत. एक वकिलाचा आणि दुसरा आवक-जावक यांनी सांगितलेल्या पिशवीचा.

शंकासुर

पिशवीचे मान्य. पण पुरावा यांनीच सांगितले की चांगल्या सल्लागाराला वेळ जास्त लागतो आणि खर्चही जास्त होतो. तो खर्च कोण देणार, याचे उत्तर अजून या धाग्यावर आलेले नाही. अलास्कातील कार्यकर्ते विधी साहाय्य संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, आणि ती संस्था अनुदानावर चालते. म्हणजे फिरून पुन्हा अनुदानाशीच आलो.

पुरावा

हो, आलो. नियम बदलल्याने अनुदानाची गरज संपत नाही. तेवढ्याच पैशांत किती लोकांपर्यंत पोहोचता येईल, हे मात्र नियमांवर ठरते. आणखी एक खर्च असा आहे, जो पैशांनी भागत नाही. रेबेका सँडेफर यांनी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, वकिलाकडे न जाण्याचे मुख्य कारण खर्च हे नव्हते. आपली अडचण कायद्याची आहे, हेच लोकांना वाटत नव्हते. नशीब, घरगुती कटकट, चालायचेच, असे ते म्हणत होते. अशा माणसापर्यंत कार्यालय थाटून बसलेला कोणीही पोहोचत नाही, मग तो सनदी असो की बिनसनदी. जो आधीच त्याच्या ओळखीचा आहे, तोच पोहोचतो. म्हणून मला अलास्काचा नमुना ओंटारिओपेक्षा थोडा उजवा वाटतो.

जुनी सनद

वाचून काही बाबतींत मत बदलले, काही बाबतींत नाही. सनद ही दर्जाची हमी आहे, हा माझा आग्रह मी सैल करतो. माझ्याच बरोबरीच्या काही मंडळींची कामे आठवली, तर तो फार पूर्वीच सैल करायला हवा होता. पण विमा, तक्रारीची जागा आणि गोपनीयता या तीन गोष्टी व्यक्तीच्या पदवीला न जोडता कामाला जोडाव्यात, ही माझी अट राहील. मृत्युपत्र कोणीही करो, ते करणाऱ्याकडे विमा हवा आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची जागा एकच हवी. तसेच मदतनिसाजवळ विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला संरक्षण देणारी तरतूद परवान्याच्या नियमाबरोबरच व्हावी. मागाहून न्यायालय देईल, या आशेवर राहू नये. प्रुडेन्शियलच्या निकालात न्यायालयाने हा विषय संसदेचा आहे असे सांगून दार लावून घेतले होते.

आता आवक-जावक यांना थेट प्रश्न. घर रिकामे करण्याचा दावा घेऊ. सनद नसलेल्या प्रशिक्षित मदतनिसाला तुम्ही कोणत्या टप्प्यापर्यंत जाऊ द्याल?

आवक-जावक

समन्स समजावून सांगणे, मुदत मोजणे, कैफियत लिहिणे, पावत्यांची यादी करून दाखल करणे, थकबाकीच्या हप्त्यांबद्दल समोरच्या वकिलाशी बोलणे आणि पहिल्या सुनावणीला शेजारी उभे राहून हप्ते मागणे, एवढे सगळे. भाडेकरारच बनावट आहे किंवा मालकी कोणाची हाच वाद आहे, असे दिसले की त्याने थांबावे आणि प्रकरण वकिलाकडे पाठवावे. अपील वकिलानेच करावे.

जुनी सनद

साक्षीदाराची उलटतपासणी?

आवक-जावक

तेथे माझे मत अजून ठरलेले नाही. ओंटारिओत पॅरालीगल ती करतात, हे मला ठाऊक आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक दाव्यांत गोष्ट उलटतपासणीपर्यंत पोहोचलीच नाही. प्रतिवादीच्या नावाचा पुकारा तीनदा होत असे आणि पुढच्या दाव्याचा कागद वर घेतला जात असे.